आधी सत्कार, मग नाश्ता

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाभींनी मला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर त्यांचे यजमान सायकलच्या पिशव्यांना शेवटची शिलाई मारत बसले होते. मशीनचा आवाज येत होता तोवर आम्हाला बोलता येणार होतं.

"सर, तीन गोष्टी ध्यानात ठेवा," भाभी म्हणाल्या. "घाम सुटला, चिडचिड करायला लागले, नाहीतर जीभ जड झाली, की समजायचं साखर खाली गेली. विचारत बसायचं न्हाय. तोंडात गोड घालायचं. त्यांचं त्यांना कळत न्हाय, हीच तर बला हाय."

भाभींचे यजमान म्हणजे आमच्या धाराशिवातले जुने शिंपी. गाव त्यांना मास्टर म्हणतं, मीही म्हणतो. वय साठ, बारा वर्षांपासून मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. मागच्या उन्हाळ्यात दुकानात बसल्या बसल्या त्यांची साखर उतरली. तेव्हा त्यांनी एका कोटाला तीन बाह्या कापल्या आणि तीनच लागतात म्हणून गिऱ्हाईकाशी भांडत बसले. समोरच्या रसवंतीवाल्याला शंका आली, त्यानं उसाचा रस पाजला, म्हणून निभावलं.

"तिथं रसवंती होती," भाभी म्हणाल्या. "आता रस्त्यावर तुमीच हाय. मी हो म्हणाले ते तुमच्या भरवशावर."

मशीन थांबलं. भाभींनी दार उघडलं आणि मोठ्यानं विचारलं, "सर, चहा घेऊनच जाणार ना?"

अशी माझी नेमणूक झाली. मी तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होतो. बाहेर गेलेली वस्तू होती त्या स्थितीत परत आणणे, हा माझ्या नोकरीचा सारांश. पुस्तकांच्या बाबतीत मला हे फारसं जमलं नव्हतं, पण ते भाभींना माहीत नसावं.

मास्टर आणि मी सहा वर्षं रोज पहाटे सायकल चालवतो. आठ दिवसांत अख्खा जिल्हा फिरायचा, ही कल्पना त्यांची. तंबूच्या जाड कापडाच्या पिशव्या त्यांनी स्वतः शिवल्या होत्या. प्रत्येक वस्तूला वेगळा खिसा होता आणि उजव्या बाजूला एक लाल कापडाचा खिसा होता. त्यात ग्लुकोजची पुडी, बिस्किटं आणि साखर तपासायचं मशीन. तो खिसा त्यांच्याच सायकलवर होता, कारण माझ्याकडे दिला तर मी दर तासाला उघडीन अशी त्यांना भीती होती. भीती बरोबर होती.

पहिल्याच दिवशी भाभींच्या यादीतली अडचण माझ्या लक्षात आली. चिडचिड हे लक्षण, आणि मास्टर मुळातच चिडके. येरमाळ्याच्या अलीकडच्या चढावर ते माझ्यावर खेकसले, "सर, मागनं सारखी घंटी वाजवू नका, म्या काय म्हैस हाय का?" हा स्वभाव की साखर? मी सायकल आडवी घातली आणि बिस्किट पुढे केलं. ते आणखी चिडले, म्हणून मी आणखी एक काढलं. शेवटी त्यांनी बोटाला सुई टोचून मशीन माझ्या नाकासमोर धरलं. साखर उत्तम होती. स्वभावच होता.

"दिवसभर असं बेजार करणार असाल तर मागं फिरा," ते म्हणाले. "तकलीफ मला हाय, आन घाम तुमाला."

खरंच मला घाम आला होता. पुढं ते, मागं मी, आणि त्यांच्या पाठीवरचा शर्ट किती भिजलाय यावर माझा डोळा, अशी आमची सहल सुरू झाली. लांबच्या सायकल प्रवासाला निघालेले लोक डोंगर, आकाश, पक्षी बघतात म्हणे. मी निळ्या शर्टावरचा ओला डाग बघत होतो. तो खांद्यापासून कमरेकडे सरकला की नाही, एवढाच माझा भूगोल.

भूमला पहिला सत्कार झाला. आम्ही कोणाला काही कळवलं नव्हतं, पण मास्टरांच्या पुतण्यानं मोबाईलवरून गावोगाव संदेश पाठवला होता. दोन ज्येष्ठांची जिल्हा परिक्रमा, आरोग्य व पर्यावरणाचा संदेश घेऊन. आमच्याजवळ कुठलाही संदेश नव्हता. पंक्चरचं सामान होतं. तरी बाजाराच्या कडेला आठ-दहा मंडळींनी आम्हाला अडवलं, खुर्च्यांवर बसवलं, शाल-नारळ दिलं, आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी बोललो. म्हणालो की सायकलवाल्याला नारळाचं खरं वजन चढावर कळतं, आणि शाल डोंगरात थंडी वाजणाऱ्यांना द्यावी, आम्हाला एखादी ट्यूब चालेल. लोक हसले. मास्टर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परंड्यापर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बाभळीखाली पाणी प्यायला थांबलो तरी बाटली तोंडाला लावून दुसरीकडे बघत राहिले. साखरेचं म्हणावं तर मशीन चांगला आकडा दाखवत होतं. परंड्यात संध्याकाळी जेवताना ते अचानक बोलले.

"सर, तुमचा सत्कार आजवर किती वेळा झाला?"

"असेल पाच-सहा वेळा. निवृत्तीच्या वेळी, मग ग्रंथालय संघाचा..."

"माझा एकदाबी न्हाय." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "चाळीस वर्षं म्या लोकांच्या सत्काराचे कोट शिवले. स्टेजवर कोण बसलंय ते म्या मागनं ओळखतो, खांद्याच्या शिवणीवरनं. आपण कधी त्या बाजूला बसू असं वाटलं नव्हतं. बसलो, तर तुमी त्यात माती कालवली."

थोरामोठ्यांच्या डामडौलाची थट्टा मी आयुष्यभर केली आहे आणि त्याबद्दल मला अजून खेद नाही. पण ज्याला कधी खुर्ची मिळाली नाही, त्याच्या शेजारी बसून खुर्चीची थट्टा करणं फार सोपं असतं, हे मला तोवर कोणी दाखवलं नव्हतं.

"यापुढं सत्कारात मी तोंड उघडणार नाही," मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द."

तुळजापुरात एक दिवस मुक्काम करून आम्ही नळदुर्गला आलो आणि सहाव्या दिवशी उजाडता उजाडता मुरुमच्या रस्त्याला लागलो. नळदुर्गच्या पुढं सगळा हैदराबादचा मोठा रस्ता. मालट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. एखादा हॉर्न न देता जवळून गेला की त्याच्या हवेनं सायकल आधी ट्रककडे ओढली जायची, मग बाहेर फेकली जायची. मधूनच उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. आणि समोरून उगवतीचा वारा. सपाट रस्त्यावर चढाचा गिअर टाकून आम्ही मान खाली घालून चाललो होतो. कडेच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत एक वीत, बाहेर खडी. मास्टरांच्या पाठीवरचा डाग पहिल्या तासातच कमरेपर्यंत आला. वाऱ्यामुळे, असं मी ठरवलं.

हमरस्ता सोडून आत वळल्यावर एका टपरीवर बिनसाखरेचा चहा घेतला तेव्हा आठ वाजून गेले होते. पोटात दुसरं काही नव्हतं. तेवढ्यात मास्टरांचा फोन वाजला. पुढच्या गावाहून शाळेचे मुख्याध्यापक बोलत होते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. माणसं चांगली होती.

"मास्टर, कुठवर आलात? शिरा तयार आहे, उप्पीट तयार आहे, वाफा निघतायत. फक्त या!"

गाव चार किलोमीटरवर होतं. मास्टरांनी पिशवीतून सुईचं पेन काढलं.

"ताट समोर येऊ द्या, मग घ्या," मी म्हणालो.

"अर्धा तास आधी घ्यायची असती, सर. आन तिथं जाऊन सगळ्या गावापुढं शर्ट वर करून पोट दाखवू का?" ते टपरीच्या मागे गेले आणि सुई घेऊन आले. "वाफा निघतायत म्हणाले की. चला."

त्यांचं म्हणणं खरं होतं. सत्काराला जाणारा माणूस पोट उघडं टाकत नाही. मी घड्याळ बघितलं, आठ वीस.

आठ चाळीसला गावाच्या वेशीत हलगी वाजायला लागली. शाळेच्या पटांगणात मांडव होता, फलकावर आमचे फोटो होते आणि फोटोत आम्ही दोघंही गोरे होतो. चार जणांनी सायकली हातातून घेतल्या. "हार घालून फाटकात उभ्या करतो, सगळ्यांना दिसू द्या," म्हणाले. लाल खिसा सायकलसोबत निघाला, हे मला दिसलं. मी हात पुढे केला, पण माझं डोकं त्या वेळी फेटा बांधणाऱ्याच्या ताब्यात होतं.

एक बाई औक्षणाचं ताट घेऊन पुढे आल्या. गावच्या आशा सेविका, निळी किनार असलेली साडी, चष्मा. मला कुंकू लावलं. मास्टरांपुढे त्यांचं बोट थबकलं; मुसलमान माणसाला कुंकू लावावं की नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"लावा की ताई," मास्टर म्हणाले. "घामानं जातंय. गेलं तर परत लावा."

सगळे हसले. मास्टरांच्या चेहऱ्यावर मी सहा दिवसांत न पाहिलेला आनंद होता. आम्हाला व्यासपीठावर बसवलं. मुख्याध्यापक ध्वनिक्षेपकाच्या दांडीशी उभे राहिले. मी हळूच त्यांचा सदरा ओढला.

"नाश्ता आधी झाला तर बरं होईल, सर."

"पाचच मिनिटं! साहेब निघालेत. आधी सत्कार, मग नाश्ता. तुम्ही काळजी करू नका, शिऱ्याच्या खोलीला कुलूप घातलंय. पोरं हात मारतात ना."

शेजारून मास्टरांनी माझी मांडी चिमटीत धरली. "सर, शब्द."

साहेब म्हणजे तालुक्यातले एक माजी. माजी कशाचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माजी असणं हेच त्यांचं पद असावं. ते येईपर्यंत भाषणं सुरू झाली. नऊ वाजले. नऊ दहा. मास्टरांनी फेट्याच्या कडेनं कपाळ पुसलं. मांडवाचं कापड पातळ होतं, ऊन खाली येत होतं, मलाही घाम आला होता. मी त्यांच्याकडे वाकून विचारलं, "ठीक आहे ना?"

"भाषण ऐका," ते पुटपुटले.

मी ऐकलं, आणि हीच माझी चूक. एक वक्ता आमची तुलना ऋषिमुनींशी करत होता. सायकल हे मोक्षाचं वाहन असं त्याचं प्रतिपादन होतं. मी त्याची विशेषणं मोजायला लागलो. तेजस्वी, तपस्वी, ओजस्वी. हे घरी कसं सांगायचं, याची वाक्यं मी मनात रचत होतो, चांगली रचत होतो. नऊ पस्तीस झाले. मधे एकदा मास्टरांकडे पाहिलं तर ते हसत होते. एकसारखे, शांतपणे, समोर कोणाकडेही न बघता. चिडचिड नाही, म्हणजे सगळं ठीक. हसणं भाभींच्या यादीत नव्हतं.

"आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत," मुख्याध्यापक म्हणाले आणि मास्टरांना दंडाला धरून उठवलं. शाल खांद्यावर, नारळ एका हातात. मास्टर ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले.

"माझ्या..." ते थांबले. "माझ्या... कापड..."

पुढच्या रांगेतली माणसं सरसावून बसली.

"कापड कमी पडतंय," मास्टर म्हणाले. शब्द ओलं कापड पिळल्यासारखे बाहेर येत होते.

"भारावून गेलेत!" मुख्याध्यापक ओरडले. "शब्द फुटत नाहीत! टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या खांद्यांची मापं घेतलेला माणूस आज पहिल्यांदा लोकांपुढे उभा होता. मीही टाळ्या वाजवल्या.

मग मास्टरांनी नारळ काखेत धरला, अंगठा आणि करंगळी ताणली आणि ध्वनिक्षेपकाच्या दांडीवर वीत टाकली. एक वीत, दुसरी वीत. मग मापं सांगावीत तसे ओठ हलवले. ते दांडीच्या बाहीचं माप घेत होते.

मी उठलो. मुख्याध्यापकांनी खांदा दाबून मला खाली बसवलं. "तुमचा नंबर नंतर, सर!" त्याच क्षणी फाटकाशी गाडी आली, हलगी कडाडली, सगळा मांडव उठून उभा राहिला आणि मुख्याध्यापक धावले साहेबांना आणायला. खोलीची किल्ली त्यांच्या खिशात गेली. सायकली फाटकात होत्या, आणि फाटक आणि मी यांच्यामध्ये आता अख्खं गाव होतं.

मी मास्टरांना कंबरेला धरलं. फेट्याखाली कपाळ बर्फासारखं थंड होतं आणि शर्ट पिळून काढावा इतका ओला.

"साखर आणा!" मी ओरडलो. "कोणीतरी साखर आणा!"

हलगीत माझा आवाज मला ऐकू आला नाही. साहेब व्यासपीठावर चढले, हात जोडले, बसले. त्यांच्यासाठी ताटलीत एकच कप चहा आला. त्यांनी तो उचलला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

हे लिहिताना फार धीराचं काम वाटतं. तेव्हा तसं काही नव्हतं. चहा साखरेचा आहे, एवढंच मला दिसत होतं. मी तो बशीत ओतला, फुंकला आणि मास्टरांच्या ओठांना लावला. अर्धा हनुवटीवरून खाली गेला. त्यांनी माझा हात झटकला.

"आवो, हे काय!" मागून कोणी म्हणालं. "सायबाचा चहा!"

"शिकल्याली माणसं ही!"

"शुगर हाय का यांना?" हा आवाज बाईचा होता. औक्षणाचं ताट घेतलेल्या त्या आशा सेविका व्यासपीठावर चढल्या होत्या. मी मान हलवली. "सुई घेतात?"

"आठ वीसला घेतली. पोटात काही नाही."

"आवो मग बोलायचं न्हाय का आधी!" त्यांनी ताटातल्या वाटीतली साखर चिमटीनं घेऊन मास्टरांच्या गालाच्या आत चोळली. "निजवू नका. बसवा, मागनं धरा. चहा थोडा थोडा. एकदम ओतला तर ठसका लागंल." मग मान न वळवता, "साहेब, जरा सरका. वारा येऊ द्या."

साहेब सरकले. त्या दिवशी त्यांनी केलेलं सर्वांत उपयोगी काम तेच.

मी मास्टरांच्या मागे गुडघ्यावर बसून त्यांना छातीशी धरलं होतं. त्यांची मान माझ्या खांद्यावर पडत होती. बाई गालाला चापट मारत होत्या, "भाऊ, गिळा. भाऊ, माझ्याकडं बघा." घशाची घाटी हलते का, हे मी वरून बघत होतो. हलायची. मग बराच वेळ हलायची नाही. समोर हलगी थांबली होती आणि शंभर-दीडशे माणसं टाचा उंचावून बघत होती. इथं रसवंती नाही, इथं मीच आहे, असं काहीतरी माझ्या डोक्यात फिरत होतं. लाल खिसा आणा, असं मी ओरडलो, आणि कोणीतरी तो सायकलीवरून अख्खा उसवून आणला. ग्लुकोज पाण्यात कालवलं. घाटी पुन्हा हलायला लागली.

मशीनवर त्रेपन्न आलं, तेही चहा, साखर आणि ग्लुकोज गेल्यावर. दहा मिनिटांनी एकोणसत्तर. मग शिऱ्याच्या खोलीचं कुलूप निघालं. सव्वादहाच्या सुमारास मास्टरांनी डोकं उचललं, मांडवाकडे पाहिलं, आपल्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं.

"सर," ते म्हणाले. जीभ मोकळी झाली होती. "माझं भाषण झालं का?"

"झालं."

"काय बोललो?"

"थोडंच बोललात. टाळ्या पडल्या."

हे खरं होतं. त्यांनी शिऱ्याचा घास घेतला आणि समाधानानं मान हलवली. मग सांडलेला चहा, बाईंच्या हातातलं मशीन, माझा फेटा नसलेला अवतार, असं एकेक त्यांना दिसत गेलं आणि चेहरा उतरला. पुढच्या कार्यक्रमात साहेबांनी आरोग्याचं महत्त्व सांगितलं. आम्ही दोघं तोवर वर्गात बाकावर होतो.

अकरा वाजता भाभींचा फोन यायचा. रोज यायचा, माझ्या मोबाईलवर, कारण यजमानांवर त्यांचा विश्वास नव्हता. अकराला पाच कमी असताना मास्टरांनी माझं मनगट धरलं.

"सर, सांगू नका. तुमच्या पाया पडतो. तिला कळलं तर सायकल संपली. दुकानाच्या खुर्चीवर बसूनच मरायचं मग म्या."

"मास्टर, तुम्ही आज गेलाच होतात."

"न्हाय ना गेलो! दोनच दिवस राहिलेत. मुरुम बघू द्या. घरी गेल्यावर म्याच सांगतो. तुमी शब्दाला पक्के हाय. सत्काराला गप बसलाच ना? आता बी बसा."

फोन वाजला. मी तो दोनदा वाजू दिला. तो शब्द पाळला नसता तर नऊ वाजताच उठून कुलूप तोडायला लावलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. शब्द फक्त तोंडाचा होता. डोळे माझे मोकळेच होते.

"भाभी," मी म्हणालो, "यांची साखर खाली गेली होती. त्रेपन्न. आता बरे आहेत, शिरा खाल्लाय." आणि मग सगळं सांगितलं. टपरीमागची सुई, कुलूप, साहेबांचा चहा. मास्टरांनी माझं मनगट सोडलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

भाभींनी विचारलं, "तुमी कुठं होता?"

"तिथंच. शेजारच्या खुर्चीवर."

"मग?"

"भाषण ऐकत होतो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "साखर कुणी घातली तोंडात?" एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "त्यांना द्या फोन," त्या म्हणाल्या. मी मास्टरांकडे फोन नेला. "त्यांना न्हाय. त्या बाईंना."

आशा सेविका फोन घेऊन व्हरांड्यात गेल्या. दोघींचं वीस मिनिटं बोलणं चाललं होतं. आम्ही वर्गात, शिक्षा ठरायची वाट बघणाऱ्या पोरांसारखे, दोन टोकांना बसून होतो. मास्टर खिडकीबाहेर बघत होते. मी फळ्यावरचे पाढे वाचत होतो.

बाई परत आल्या. "आज हलायचं न्हाय. रात्री माझ्याच घरी, माझे मालक हायत. दर चार तासाला मशीन. सकाळचा आकडा बघून जायचं का न्हाय ते मी ठरवणार, भाभींनी माझ्यावर सोपवलंय. तुमच्यावर न्हाय, सर."

"बरं," मी म्हणालो. नेमणूक रद्द झाल्यामुळे मला जरा हलकं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

"आन भाऊ," त्या मास्टरांना म्हणाल्या, "ताट हातात आल्याबिगर सुई न्हाय. कुणी काय बी म्हणू दे. पोट दावायची लाज वाटत असंल तर मी चादर धरते."

मास्टर त्या रात्री माझ्याकडे पाठ करून झोपले. सकाळी आकडा चांगला आला. बाईंनी समोर बसून भाकरी, वरण, अंडं खायला घातलं, सुई घेताना स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "जावा. पण शिस्तीत."

मुरुम तिथून फार लांब नव्हतं. दोन्ही बाजूला तूर काढणीला आली होती. मास्टर पुढे, मी मागे, अर्ध्या वाटेपर्यंत न बोलता. मग ते पायडल न थांबवता, मान न वळवता म्हणाले, "तुमी सांगितलं ते बरोबर केलं असंल. मला ते आवडलं न्हाय."

"मलाही."

मुरुमच्या वेशीवर पुतण्याचा संदेश आमच्या आधी पोहोचला होता. दहा-बारा माणसं, एक फलक, दोघांच्या हातात झेंडूचे भले मोठे हार. एकजण घड्याळ बघत म्हणाला, "या या! अध्यक्ष एवढ्यात पोचतायत, तोवर..."

मी तोंड उघडलं. माझ्या आधी मास्टरांचा आवाज आला.

"नाश्ता कुठाय?"

"आहे की, मास्टर! हार घालून लगेच..."

"हार राहू द्या. आधी ताट दावा." त्यांनी सायकल उभी केली, पण खाली उतरले नाहीत. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. "नसंल तर म्या निघालो."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकजण बाजाराकडे पळाला आणि कागदी ताटलीत पोहे घेऊन आला. दुसऱ्यानं शेवेची वाटी आणली. तेवढ्यात अध्यक्षांची गाडी येऊन थांबली, ते उतरले, फलकाखाली उभे राहिले. हारवाल्यांचे हात वर गेले. मास्टर रस्त्याच्या मधोमध, सायकलच्या दांडीवर बसून, घास घासानं पोहे खात होते. घाई नव्हती. मधेच त्यांनी ताटली पुढे करून आणखी मागितले. अध्यक्षांनी मला हळूच विचारलं, यांना किती वेळ लागेल?

"मला काही बोलायची परवानगी नाही," मी म्हणालो.

हार धरलेल्या दोघांपैकी एकाचे हात वर धरून भरून आले. त्यानं हार खाली घेतला आणि स्वतःच्याच खांद्यावर टाकून वाट बघत उभा राहिला.